अवैध पिच (फास्टपिच सॉफ्टबॉल)

फास्टपिच सॉफ्टबॉल या बेसबॉलसारख्या खेळात पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने, नियमात बसणारी पद्धत सोडून टाकलेल्या चेंडूला अवैध पिच म्हणतात. क्रिकेटच्या नो-बॉलशी तिचे नाते जवळचे आहे. मात्र नो-बॉलसाठी मुख्यतः गोलंदाजाचा पुढचा पाय पाहतात, तर इथल्या भांडणाचे मूळ बहुधा मागच्या पायात असते.

महिलांच्या सामन्यात पिचर्स प्लेट (पिचरने पाय ठेवायची पट्टी) होम प्लेटपासून (बॅटरजवळची पाटी) ४३ फुटांवर (१३.११ मीटर) असते, पुरुषांच्या सामन्यात ४६ फुटांवर. ताशी १०५ किलोमीटर वेगाचा चेंडू हे ४३ फूट सुमारे ०.४५ सेकंदात कापतो. बेसबॉलच्या १८.४४ मीटर अंतरावर एवढाच वेळ मिळायचा, तर चेंडू ताशी १४८ किलोमीटरचा हवा. पिचर फूटभर पुढे सरकून चेंडू सोडू लागली, तर बॅटरच्या हातचा सेकंदाचा शंभरावा हिस्सा जातो. ऐकायला क्षुल्लक, पण मुळात हातात असतो तोच अर्धा सेकंदही नाही.

पिचरने प्लेटवर उभे राहून दोन्ही हात एकत्र आणायचे आणि थांबायचे. आंतरराष्ट्रीय नियमांत हा थांबा २ ते ५ सेकंदांचा आहे, अमेरिकेतील प्रमुख नियमपुस्तकात १ ते १० सेकंदांचा. मग विंडमिल पद्धतीने हात पूर्ण फिरवून चेंडू खालून सोडायचा. त्या वेळी हात कमरेखाली हवा आणि मनगट कोपरापेक्षा शरीरापासून लांब जाता कामा नये.

पायाचे दोष दोन. दोन्ही पाय एकाच वेळी हवेत गेले तर तो ‘लीप’. मागचा पाय प्लेट सोडून पुढे टेकला आणि तिथून नव्याने रेटा घेतला तर तो ‘क्रो हॉप’, म्हणजे कावळ्याची उडी. नाव चपखल आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत पुरुषांना लीपची मुभा होती आणि महिलांनी पाय जमिनीवरून ओढतच न्यायचा, असा भेद बरीच वर्षे चालला. त्याचे पटेल असे समर्थन सापडणे कठीण आहे.

पाय नीट ओढला की मातीवर प्लेटपासून पुढे सलग ओरखडा उमटतो. क्रो हॉपमध्ये तो मध्येच तुटतो आणि पुढे दुसरा खळगा पडू लागतो. पण दोन-तीन डावांत प्लेटसमोरची माती उकरली जाते. त्या खड्ड्यावरून जाताना अंगठा क्षणभर अधांतरी दिसतो. तो उचलला गेला की खालची जमीनच खोल गेली, हे पंचाला त्याच क्षणी ठरवावे लागते. होम प्लेटमागच्या पंचाचे लक्ष चेंडू आणि स्ट्राइक झोनवर (बॅटरसमोरच्या वैध चेंडूच्या पट्ट्यावर) असते, म्हणून पाय बाजूने पाहण्याचा भार मैदानातल्या पंचावर पडतो.

अवैध पिच दिसताच पंच मूठ वळून डावा हात आडवा धरतो, पण खेळ थांबवत नाही. बॅटरने चेंडू मारून पहिला बेस (धावताना गाठायचा टप्पा) गाठला आणि आधीच बेसवर असलेले धावपटूही किमान एक बेस पुढे गेले, तर दोष पुसला जातो. तसे झाले नाही, तर फलंदाजी करणाऱ्या संघाला झालेल्या खेळाचा निकाल किंवा दंड यांतून निवड करता येते. दंड म्हणजे बॅटरच्या खात्यात एक ‘बॉल’, म्हणजे स्ट्राइक झोनबाहेर गेलेल्या चेंडूसारखी नोंद. पूर्वी धावपटूंनाही एकेक बेस बहाल होई. तिसऱ्या बेसवर धावपटू असेल तर ती थेट धावच, त्यामुळे अटीतटीच्या सामन्यात हात आडवा धरायला पंच कचरत.

खरा अन्याय होतो तो या कचरण्यातून. सहा डाव चालवून घेतलेली उडी सातव्या आणि शेवटच्या डावात पकडली, तर नियमाने ते बरोबरच, पण पिचरला तो दगा वाटतो. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक पहिल्या डावापासून ‘पाय बघा’ म्हणून ओरडतात ते काही वेळा निव्वळ पिचरचे चित्त विचलित करायला. आणि बारा वर्षांच्या मुलीची उडी कोणीच टोकली नाही, तर अठराव्या वर्षी ती सवय मोडताना तिची सगळी लय जाते. तो दोष तिच्यापेक्षा शिकवणाऱ्याच्या पदरात घालायला हवा.

अलीकडे अमेरिकेतील महाविद्यालयीन व शालेय नियमांनी मागचा पाय हवेत जाऊ द्यायला परवानगी दिली आहे. तो पुन्हा टेकवून रेटा घेणे मात्र तिथेही अवैधच आहे.