पार्श्वभूमी : कागदांतल्या तारखा, रेगेक्स आणि '६७' साल

रेगेक्सची, म्हणजे मजकुरातला ठरावीक नमुना शोधणाऱ्या खुणांच्या भाषेची, कल्पना १९५०च्या दशकात गणितात आली आणि १९६८मध्ये संगणकावर मजकूर शोधण्याच्या कामाला लागली. जुन्या कागदांतल्या तारखा रेगेक्सने शोधताना सातारा-सांगलीचे फार जुने कागद, म्हणजे मोडीतले 'छ' लावलेले चांद्र दिवस, सुहूर सन, राज्याभिषेक शक अशा जुन्या कालगणनांचे, सहसा वगळतात. ते बरोबरच आहे, तिथे जंत्रीला, म्हणजे कालगणनांचा मेळ घालणाऱ्या कोष्टकांना, पर्याय नाही.

खरा घोळ विसाव्या शतकातल्या कागदांचा. पाटण तालुक्यातला कोयनेचा भूकंप घ्या. 'दि. ११/१२/१९६७', '११ डिसेंबर १९६७', '११-१२-६७'. दोन अंक, मधे रेघ किंवा टिंब, पुन्हा दोन अंक, मग चार किंवा दोन. महिना अक्षरी असेल तर नावांची यादी. एवढ्या नमुन्यात तिन्ही सापडतात. वाद सुरू होतो तो पुढे, दोन अंकी सालाचं काय करायचं यावर. युनिक्स या संगणकप्रणालीच्या मानकातून रूढ झालेला आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेनेही उचललेला नियम असा: ६९ ते ९९ विसाव्या शतकात, ०० ते ६८ एकविसाव्या. म्हणजे भूकंप व्हायचाय, २०६७ साली! १९४९मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, १९६०मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्या काळातले दोन अंकी सालाचे जमिनीच्या नोंदींतले सगळे फेरफारही भविष्यात जातात. जो तो आपापली सीमा ठरवू लागला तर माहिती एकमेकांशी जुळणार नाही, असं नियमाचे पाठीराखे म्हणतात. मुद्दा खोटा नाही. पण जुन्या नोंदवहीत पुढची तारीख असूच शकत नाही, तेव्हा शतक वहीवरून ठरवणंच शहाणपणाचं. महिना आधी धरणाऱ्या अमेरिकी वाचनात तर हाच दिवस १२ नोव्हेंबर होतो. (आंतरराष्ट्रीय भूकंपसूचीत १० डिसेंबर दिसतो, त्यात मात्र रेगेक्सचा दोष नाही. धक्का आपल्या पहाटेचा, तेव्हा ग्रिनिचला दहा तारखेची रात्र होती.)

युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, आल्यावर अडचणी बदलल्या. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर '१' दिसे, फाइलमध्ये मात्र इंग्रजी एक असे. अर्धवट रूपांतरात एकाच तारखेत दोन्ही अंक मिसळले. अंकांसाठीची 'बॅकस्लॅश डी' ही खूण पायथन ३मध्ये देवनागरी अंकही पकडते, जावास्क्रिप्टमध्ये नाही. म्हणून इंग्रजी अंकांच्या जोडीला [०-९] स्पष्ट लिहितात. 'ऑगस्ट'मधला 'ऑ' कुठे एक अक्षर, कुठे 'आ'वर वेगळा चंद्र. दिसायला सारखेच, शोधात वेगळे. 'दि.'च्या जागी 'दि:' चालतं, आणि कित्येक टंकलेखक तिथे कोलनऐवजी विसर्गच देतात.