कोड सेन्सरचा, दोष वायरीचा

गाडीत इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर (दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०११८ हा कोड आला, वर्णनात ‘कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) तापमान सेन्सर सर्किट, हाय’ असं दिसलं आणि नवा सेन्सर बसवला. दोन दिवसांनी पुन्हा तोच दिवा, तोच कोड. चूक त्या वर्णनातला ‘सर्किट’ हा शब्द न वाचण्यात झाली. इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, सेन्सरला पाहू शकत नाही. त्याला कळतो तो फक्त स्वतःच्या पिनवरचा व्होल्टेज. त्या पिनपासून सेन्सरपर्यंतची वायर, वाटेतले कनेक्टर, सेन्सर आणि परतीची अर्थ वायर (बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाणारी), यांत कुठेही बिघाड झाला तरी ईसीयूला पिनवर एकच गोष्ट दिसते. कोड रस्त्याचं नाव सांगतो. खड्डा आपल्यालाच शोधावा लागतो.

कूलंटचा सेन्सर सगळ्यांत साधा, म्हणून तो आधी नीट समजून घ्यावा. त्याच्या आत एक थर्मिस्टर असतो आणि तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. नेहमी आढळणाऱ्या एका प्रकारात हा रोध २० अंश सेल्सियसला सुमारे २,५०० ओहम, ८० अंशांना सुमारे ३२० ओहम आणि १०० अंशांना १९० ओहमच्या आसपास असतो. ईसीयू आपल्या आतल्या एका ठराविक रोधातून या वायरीवर ५ व्होल्ट देतो. आतला रोध आणि थर्मिस्टर हे ५ व्होल्ट आपसांत वाटून घेतात, आणि थर्मिस्टरच्या वाट्याला किती आले ते मोजून ईसीयू तापमान ठरवतो. आतला रोध २,२०० ओहम धरला, तर २० अंशांना पिनवर साधारण २.७ व्होल्ट दिसतील आणि ८० अंशांना ०.६ व्होल्ट.

वायर तुटली तर प्रवाह थांबतो आणि पिनवर पूर्ण ५ व्होल्ट उभे राहतात. ईसीयूच्या तक्त्यात याचा अर्थ ‘अतिशय थंड’ असा होतो, आणि बहुतेक स्कॅनर तेव्हा उणे ४० अंश दाखवतात. पी०११८ मधलं ‘हाय’ ते हेच. उलट वायर कुठे बॉडीला घासून शॉर्ट झाली तर पिनवर शून्य व्होल्ट येतात, तापमान अशक्य वाटावं इतकं जास्त दिसतं आणि पी०११७ हा कोड येतो.

यातूनच एक सुंदर तपासणी निघते. तिला मल्टिमीटरही लागत नाही, फक्त स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणीचे आकडे, हवा. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून सेन्सरचा कनेक्टर काढा. आकडा उणे ४० वर गेला पाहिजे. आता कनेक्टरच्या दोन्ही पिना एका वायरीच्या तुकड्याने जोडा. आकडा १२० अंशांच्याही वर उसळला पाहिजे. दोन्ही वेळा आकडा असाच आला तर ईसीयू आणि संपूर्ण वायरिंग चालू आहे, हे दोन मिनिटांत ठरलं. संशय उरतो तो सेन्सरवर किंवा कनेक्टरच्या पिनेवर. जोडल्यावरही आकडा उणे ४० वरच राहिला तर वायर तुटलेली आहे. मग दोन पिनांपैकी ईसीयूकडून ५ व्होल्ट येणारी, म्हणजे सिग्नलची, पिन थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावून पाहा: आता आकडा उसळला तर सिग्नलची वायर ठीक आहे आणि तुटली आहे ती परतीची. काढल्यावरही आकडा गरमच दिसत असेल तर वायर कुठेतरी अर्थला चिकटली आहे. हे जोडणं इथे सुरक्षित आहे, कारण ईसीयूच्या आतला रोध प्रवाह दोन-तीन मिलिअँपियरवर अडवून धरतो. तीन वायरींच्या सेन्सरवर हाच प्रयोग करू नये; तिथे ५ व्होल्टची वायर थेट अर्थला भिडण्याचा धोका आहे.

तुटलेली वायर आणि शॉर्ट झालेली वायर लवकर सापडतात. खरा त्रास देते ती कळकलेली पिन. कनेक्टरचं रबरी सील सैल झालं, ओल आत गेली, तांब्यावर हिरवा थर चढला, आणि त्या जागी समजा २०० ओहमचा जादा रोध तयार झाला. थंड इंजिनात २,५०० च्या जागी २,७०० झाले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण इंजिन १०० अंशांवर पोहोचलं की १९० च्या जागी ३९० ओहम होतात, आणि ईसीयू हा आकडा साधारण ७५ अंश असा वाचतो. ज्या गाडीत कूलिंग फॅन याच सेन्सरवरून चालतो, तिथे तो सुरू होत नाही. इंजिन उकळायला लागतं आणि स्कॅनरवर एकही कोड नसतो, कारण व्होल्टेज अजून ‘शक्य’ मर्यादेतच आहे. ‘कोड नाही म्हणजे वायरिंग ठीक आहे’ असं समजणं म्हणूनच धोक्याचं आहे.

थ्रॉटल (हवेची झडप) आणि मॅनिफोल्ड (हवा इंजिनात नेणारी नळी) दाबाचे सेन्सर तीन वायरींचे असतात: ५ व्होल्टचा रेफरन्स, सिग्नल आणि सेन्सरची अर्थ. सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टमध्येच फिरतो. दोन्ही टोकांची जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते, म्हणजे ० किंवा ५ दिसले की ईसीयूला दोष ओळखता येतो. टर्बो नसलेल्या इंजिनात, समुद्रसपाटीजवळ, इंजिन बंद असताना दाबाचा सेन्सर ४ व्होल्टच्या वर आणि आयडलवर (गाडी उभी, इंजिन संथ चालू) १ ते १.५ व्होल्टच्या आसपास दिसतो.

५ व्होल्टची ही लाइन बहुधा अनेक सेन्सरना मिळून दिलेली असते. त्यांतला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचं व्होल्टेज बसतं, आणि एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम येतात. सोबत पी०६४१ किंवा पी०६४२ असेल तर इतर कोड बाजूला ठेवून आधी ही लाइन तपासावी. मीटर ५ व्होल्टच्या वायरीवर लावून ठेवा आणि एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत जा. ज्याच्या काढण्याने मीटर पुन्हा ५ वर चढतो तो दोषी. सगळे काढूनही व्होल्टेज परतलं नाही तर दोष वायरीत किंवा ईसीयूत आहे. मग बॅटरी सोडवून ईसीयूचाही कनेक्टर काढा आणि त्या वायरीपासून अर्थपर्यंत रोध मोजा. तो शून्याच्या जवळ असेल तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे.

मीटर कुठे आणि कसा धरायचा, यावर सगळं अवलंबून आहे. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. १२ व्होल्ट मोजताना तो जेमतेम १ मायक्रोअँपियर ओढतो. वीस तारांच्या वायरीत एकच तार शिल्लक असली तरी एवढा प्रवाह तिच्यातून सहज जातो आणि मीटर १२ व्होल्ट दाखवतो. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरला तापवणाऱ्या हीटरला मात्र अँपियरभर प्रवाह लागतो, आणि त्या वेळी ती एकटी तार पुरत नाही. म्हणून अशा पुरवठ्याच्या वायरीवर कनेक्टर काढून १२ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब लावून पाहावा. तो पावणेदोन अँपियर ओढतो. लख्ख पेटला तर वायर दमदार आहे. मिणमिणला तर मीटर काहीही म्हणो, वायरीत दोष आहे. हा बल्ब ५ व्होल्टच्या किंवा सिग्नलच्या वायरीला मात्र कधीच लावायचा नाही. ईसीयूच्या आतला भाग जळू शकतो.

किती रोध चालेल, हे प्रवाहावर ठरतं. १ ओहमचा जादा रोध कूलंट सेन्सरच्या २ मिलिअँपियरमध्ये फक्त २ मिलिव्होल्ट खातो, त्याने काही बिघडत नाही. हीटरच्या १ अँपियरमध्ये तोच १ ओहम पूर्ण १ व्होल्ट खातो. म्हणून वायर सुटी काढून ओहम मोजण्यापेक्षा सगळं जोडलेलं आणि चालू असताना व्होल्टेज कुठे गळतं ते बघणं जास्त भरवशाचं. मीटरची काळी टोकणी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवा, लाल टोकणी सेन्सरच्या अर्थ पिनेवर. इंजिन चालू असताना ०.०५ व्होल्टच्या आत हवं, ०.१ च्या वर गेलं तर अर्थची वाट शोधायला लागा. सेन्सरची अर्थ ०.३ व्होल्टने उचलली गेली की त्याचा सिग्नलही तितकाच वर सरकतो, आणि सेन्सर नवाकोरा असूनही खोटं बोलतो.

टोकणी लावायची ती कनेक्टरच्या पाठीमागून, सीलच्या कडेने बारीक पिन सरकवून. वायरीच्या आवरणाला भोसकलं तर त्याच छिद्रातून पुढे पाणी शिरतं. समोरून मादी पिनेत जाड टोकणी खुपसली तर तिची पकड कायमची सैल होते. पकड तपासायची असेल तर त्याच मापाची सुटी नर पिन आत सरकवून ओढून पाहा. आपल्या वजनाने गळून पडली तर दोष सापडला.

मध्येच येणारा आणि मध्येच जाणारा दोष पकडायला संयम लागतो. मीटर ‘मिन-मॅक्स’वर (सर्वांत कमी-जास्त आकडा धरून ठेवणाऱ्या सोयीवर) किंवा स्कॅनर आलेखावर ठेवून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, एका टोकापासून वीतभर-वीतभर हलवत जा आणि रेषा कुठे उडी मारते ते पाहा. वायर बहुधा ठरलेल्या जागीच मरते: इंजिन आणि बॉडी यांच्यामधला सतत हलणारा भाग, क्लॅम्पखाली, एक्झॉस्टजवळ जिथे आवरण कडक होऊन तडकतं, आणि उंदरांनी कुरतडलेले भाग. आवरण बाहेरून अखंड आणि आतलं तांबं तुटलेलं, असंही होतं. तिथे वायर हलकेच ताणली की रबरासारखी लांबते. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे तेल. गळक्या सेन्सरमधून तेल वायरीच्या तारांमधून, दिव्याच्या वातीत चढावं तसं, चढत थेट ईसीयूच्या कनेक्टरपर्यंत जातं. कनेक्टर तेलकट दिसला तर दुसरं टोकही उघडून पाहावं.

इंजिनाच्या फिरण्याचा वेग मोजणाऱ्या क्रँक सेन्सरचं वागणं वेगळं आहे. दोन वायरींचा चुंबकीय प्रकार स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो. त्याच्या कॉइलचा रोध काहीशे ओहमपासून हजाराच्या थोडा वर असतो. गरम झाल्यावर इंजिन बंद पडणं आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणं हे या कॉइलचं नेहमीचं लक्षण, म्हणून रोध गरम असतानाच मोजावा. याच्या दोन वायरींना पीळ असतो, तो बाहेरच्या विद्युत गोंधळापासून वाचवण्यासाठी. दुरुस्तीत हा पीळ उलगडून ठेवला, किंवा वायर इग्निशन कॉइलला चिकटून नेली, तर ईसीयूला खोटे ठोके ऐकू येतात.

जोड देताना वायर मूळ जाडीचीच घ्यावी, योग्य पक्कडीने क्रिम्प करावी (जोडनळीत दाबून बसवावी) आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवावी. डाग (सोल्डर) दिलेल्या जागी वायर कडक होते आणि कंपनाने त्या डागाच्या कडेला तुटते, म्हणून डाग दिलाच तर त्या भागाला आधार द्यावा. अनेक वायरी असतील तर जोड एकाच जागी न देता मागेपुढे सरकवावेत. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कनेक्टरमध्ये भरू नये. त्यातलं आम्ल तांबं खातं. यातलं कोणतंही काम करताना पिवळ्या एअरबॅग कनेक्टरना आणि हायब्रिड गाडीच्या नारिंगी केबलना हात लावायचा नाही.

कोड पुसण्याआधी त्याच्यासोबत साठवलेले आकडे लिहून ठेवा. दोष आला तेव्हा इंजिनाचा वेग आणि तापमान किती होतं ते त्यात असतं. दुरुस्तीनंतर गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी स्टार्ट न करता फक्त इग्निशन चालू करून लाइव्ह डेटा उघडा. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन-चार अंशांच्या फरकाने सारखं दिसलं पाहिजे. एक १८ आणि दुसरं ३१ दाखवत असेल, तर दोघांपैकी एका वायरीत अजून रोध बसलेला आहे किंवा एक सेन्सर चुकतो आहे.