जीपीएस आणि नेट: बाइकवरच्या स्वस्त फोनला नेमकं काय लागतं?

बाइकच्या हँडलवर रस्ता दाखवायला एखादा स्वस्त किंवा घरात पडून असलेला जुना फोन लावायचा विषय निघाला, की पहिला प्रश्न हमखास येतो: "त्यात सिम नाही, मग जीपीएस कसं चालणार?" मग कोणी त्यासाठी वेगळं सिम घेतं, तर कोणी खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट दिवसभर चालू ठेवून दोन्ही फोनची बॅटरी संपवतं. याच्या बरोबर उलट समजही तितकाच पसरलेला आहे. फोनमध्ये जीपीएस आहे, म्हणजे कुठेही गेलं तरी चिंता नाही, असं धरून लोक निघतात आणि रेंज गेली की पडद्यावर नुसती रिकामी करडी पाटी उरते.

दोन्ही समजांचं मूळ एकच आहे. आपण कुठे आहोत हे कळणं आणि त्या जागेच्या आजूबाजूला काय आहे हे दिसणं, ही दोन निरनिराळी कामं आहेत. पहिलं जीपीएसचं, दुसरं नकाशाचं. पडद्यावर निळा ठिपका आणि त्याखालचा रस्ता एकत्रच दिसतो, म्हणून दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात असं वाटतं.

आधी ठिपका घेऊ. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपली वेळ व आपली जागा सतत प्रसारित करत असतात. फोनमधली चिप ते फक्त ऐकते, उपग्रहाला उलट काहीही पाठवत नाही. त्यामुळे तिला सिम, रिचार्ज किंवा टॉवर यातलं काही लागत नाही. लागतं ते मोकळं आकाश आणि एकाच वेळी किमान चार उपग्रह. चार अशासाठी, की चार गोष्टी शोधायच्या असतात: अक्षांश, रेखांश, उंची आणि फोनच्या घड्याळात किती फरक आहे तो. ही चौथी गोष्ट किरकोळ नाही. उपग्रहाचा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, त्यामुळे घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो.

मोकळ्या आकाशाखाली साधारण स्मार्टफोन आपली जागा पाचेक मीटरच्या आत सांगतो. आजचे स्वस्त फोनही जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि चीनचं बायडू यातल्या एक-दोन यंत्रणा तरी ऐकतात. महागड्या फोनमध्ये बहुधा दोन वारंवारता ऐकण्याची सोय असते, १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या जोडीला ११७६.४५. त्याचा उपयोग उंच इमारतींच्या दाटीत होतो, कारण तिथे भिंतींवर आपटून आलेले संदेश ठिपक्याला शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवतात. गावाबाहेरच्या रस्त्यावर मात्र स्वस्त फोन या कामात कुठेही कमी पडत नाही, हे मी ठामपणे सांगेन.

आता नेटकडे. नकाशाचं चित्र, ठिकाणाचा शोध, मार्ग काढणं, रहदारीची ताजी माहिती, हे सगळं ऑनलाइन ॲप दूरच्या सर्व्हरवरून मागवतं. रेंज गेली की हे थांबतं, पण ठिपका थांबत नाही.

मग "नेट चालू केलं की जीपीएस लगेच लागतं" हा जो सगळ्यांचा अनुभव आहे, त्याचं काय? तो खराच आहे, आणि गोंधळ पक्का होतो तो इथेच. जागा काढण्यासाठी फोनला प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेचा तपशील लागतो. उपग्रह तो स्वतःच पाठवतो, पण सेकंदाला जेमतेम ५० बिट या वेगाने. एका उपग्रहाचा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो. मध्येच झाड किंवा इमारत आडवी आली, की तुटलेला भाग पुढच्या फेरीत पकडावा लागतो. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण उतरवायला तर साडेबारा मिनिटं जातात. नेट असेल तर हीच माहिती क्षणात उतरते. या मदतीला ए-जीपीएस म्हणतात. ठिपका तरीही उपग्रहांवरूनच लागतो, नेट फक्त सुरुवातीची वाट पाहणं वाचवतं.

सिम नसलेल्या फोनला ही सवलत नसते. मिळालेला कक्षेचा तपशील साधारण चारेक तास उपयोगी पडतो. त्यामुळे चहापुरतं थांबून निघालात तर ठिपका चटकन लागेल, पण कित्येक दिवस बंद असलेला फोन चालू केल्यावर काही मिनिटं लागू शकतात. ती मिनिटं चालत्या गाडीवर, इमारतींच्या मधून जाताना घालवू नका. फोन उघड्यावर स्थिर ठेवून ॲप चालू करा आणि तोवर जॅकेट, हेल्मेट, हातमोजे चढवा. सिम नाही म्हणून जीपीएस बंद आहे, असं ज्यांचं मत झालंय त्यातल्या बऱ्याच जणांनी एवढंच केलेलं नसतं.

गोंधळाला आणखी एक कारण आहे. घरात, छताखाली बसूनही फोन आपली जागा दाखवतो. तिथे तो बहुतेक वेळा आसपासचे वाय-फाय आणि मोबाईल टॉवर ओळखून अंदाज बांधत असतो, आणि या अंदाजाला नेट लागतं. ठिपक्याभोवती मोठं फिकट वर्तुळ दिसत असेल तर जागा ढोबळ आहे असं समजा. उपग्रह लागले की ते वर्तुळ आक्रसून ठिपक्याला चिकटतं.

टॅबलेट वापरणाऱ्यांची फसगत वेगळीच होते. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, सिमच्या सोयीच्या आयपॅडमध्ये असतं. त्यावरून सिममुळे जीपीएस मिळतं असा निष्कर्ष निघतो. खरं तर त्या महाग मॉडेलमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र बसवलेल्या असतात. सिम काढून टाकलं तरी जीपीएस जागेवरच राहतं.

हे एकदा नीट कळलं की रस्त्यात काही बिघडल्यावर पडद्याकडे बघून दोष कुणाचा ते ओळखता येतं. ठिपका नेमका पुढे सरकतोय पण खाली रस्तेच नाहीत, तर जीपीएस ठणठणीत आहे आणि नकाशा उतरवायचा राहिलाय. नकाशा स्वच्छ दिसतोय पण ठिपका करडा पडलाय, अडकलाय किंवा उड्या मारतोय, तर उपग्रह नीट मिळत नाहीत. तेव्हा फोन टाकीवरच्या बॅगेत सामानाखाली दबलेला नाही ना ते बघा. ॲपला अचूक लोकेशनची परवानगी आहे का आणि बॅटरी सेव्हर बंद आहे का, हेही तपासा. अँड्रॉइडवर बॅटरी सेव्हर चालू असताना पडदा मिटला की लोकेशनही बंद होऊ शकतं. कानात सूचना ऐकत, पडदा बंद ठेवून चालवणाऱ्यांना नेमका हाच फटका बसतो.

वळण चुकल्यावर नवा मार्ग निघत नसेल, तर ठिपका आणि नकाशा दोन्ही बरोबर असूनही मार्ग काढणारा सर्व्हर रेंजबाहेर राहिलाय. बाण दिसतोय पण आवाज नाही, तर हेल्मेटमधल्या ब्लूटूथची जोडणी बघा. ती ठीक असेल तर बोलणाऱ्या आवाजाची फाइल फोनमध्ये उतरलेलीच नसण्याची शक्यता मोठी. आणि चौकात थांबल्यावर बाण गरागरा फिरत असेल, तर जीपीएस आणि नेट दोघेही निर्दोष आहेत. अनेक स्वस्त फोनमध्ये दिशा ओळखणारा चुंबकीय सेन्सर नसतो, असला तर होल्डरमधलं चुंबक त्याला भरकटवतं. गाडी थोडी पुढे गेली की बदलत्या जागेवरून दिशा कळते आणि बाण सरळ होतो.

नकाशा आधी उतरवून ठेवायचा हे ठरलं तरी सगळे ऑफलाइन नकाशे सारखे नसतात. गूगल मॅप्समध्ये ठरावीक भाग उतरवता येतो आणि नेटशिवाय गाडीचा मार्गही मिळतो. रहदारी, पर्यायी मार्ग आणि लेनच्या सूचना मात्र मिळत नाहीत, आणि उतरवलेला भाग वेळोवेळी ताजा केला नाही तर त्याची मुदत संपते. सिम नसलेल्या फोनच्या बाबतीत ही मुदत विसरली जातेच. म्हणून अशा फोनवर ओस्मअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स हेच मुख्य ॲप असावं असं माझं मत आहे. ही ॲप्स २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालतात, आणि शोध व मार्ग दोन्ही फोनमध्येच काढतात. वळण चुकलं तर नवा मार्गही तिथेच निघतो. त्यांची उणी बाजू म्हणजे दुकानं, हॉटेलं, घरांचे पत्ते यांचा शोध काही ठिकाणी तोकडा पडतो. त्यावर उपाय असा, की निघण्याआधी नेट असताना ठिकाण शोधायचं आणि ते या ॲपमध्ये खूण करून साठवायचं. फोनमध्ये जागा कमी असेल तर सगळा देश उतरवू नका, लागेल तेवढे प्रदेश घ्या. ओस्मअँडचे नकाशे मेमरी कार्डवरही ठेवता येतात.

नेटला पर्याय नाही अशी जागा एकच: या क्षणी पुढे काय चाललंय ते. गर्दी, अपघात, अचानक बंद झालेला रस्ता. शहरातून रोज जायचं असेल तर हॉटस्पॉट जरूर लावा. लांबच्या मोकळ्या रस्त्यावर दिवसभर तो चालू ठेवण्यात काही हशील नाही.

एवढं सगळं करून रोजचा चांगला फोनच का लावू नये? थरथरीमुळे. मोटरसायकलच्या शक्तिशाली इंजिनाची कंपनं हँडलवाटे पोहोचून आयफोनच्या कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच दिला आहे. स्वस्त फोनमध्ये बहुधा ती यंत्रणाच नसते, आणि कॅमेरा बिघडला तरी रस्ता दाखवायचं काम अडत नाही.

जुना फोन या कामासाठी घेताना सिम काढा, विमान मोड लावा, मग लोकेशन चालू आहे ना ते बघा आणि उघड्यावर जाऊन उपग्रह दाखवणारं एखादं ॲप उघडा. एकेका उपग्रहापुढे सिग्नलची पट्टी चढताना दिसते. मोकळ्या आकाशाखाली पंधरा मिनिटं थांबूनही चार उपग्रह लागत नसतील, तर तो फोन घेऊ नका. कोणताही डेटा पॅक टाकून तो सुधारणार नाही.