ली-एनफिल्ड रायफलच्या लाकडी दस्त्याची सफाई

जुन्या रायफलच्या लाकडावरचा मळ, घाम आणि काळं पडलेलं ग्रीस काढून लाकडाला परत तेल पाजायचं काम. ही नोंद ली-एनफिल्डपुरती, म्हणजे आपल्याकडे पोलिसांपासून एनसीसीपर्यंत सगळे जिला थ्री-नॉट-थ्री म्हणतात ती. तिचं आखूड रूप १९०३ च्या सुमारास आलं, त्याची मार्क ३ ही सुधारित आवृत्ती १९०७ मध्ये, आणि बंगालातल्या ईशापूरच्या कारखान्यात ती कित्येक वर्षं बनत राहिली.

लाकूड मुळात अक्रोडाचं, पण युद्धकाळात बीच, बर्च, ऑस्ट्रेलियात कोचवुड नावाचं तिथलं लाकूड असंही चाललं, त्यामुळे रंग वेगळा दिसला म्हणून दस्ता बदललेलाच आहे असं लगेच समजू नये. ईशापूरच्या पुष्कळ रायफलींत पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू जातो, लाकूड चिरू नये म्हणून, तो काढायच्या भानगडीत पडू नये.

वादाचा मुद्दा तेलाचा. ब्रिटिश लष्करात जवसाचं कच्चं तेल वापरायचे, यावर साधारण एकमत आहे. बाजारात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणारं तेल बहुतेकदा नुसतं उकळलेलं नसतं, त्यात कोबाल्ट, मँगनीजसारख्या धातूंचे क्षार घातलेले असतात आणि म्हणून ते लवकर वाळतं. जवसाचं तेल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही, त्यातली मेदाम्लं हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांना जोडली जातात आणि घट्ट थर बनतो, कच्च्यात हेच व्हायला कितीतरी दिवस लागतात. काही जण सोयीसाठी बॉइल्डच बरं म्हणतात, काही टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं तेल) सुचवतात कारण ते पाण्याला जास्त टिकतं. पण मूळ रूप जपायचं असेल तर कच्चंच तेल, अगदी पातळ हात, आणि मधे भरपूर दिवस, हेच पटतं. व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन मारलेली थ्री-नॉट-थ्री बघवत नाही.

सफाईआधी रायफल रिकामी आहे ना हे बोल्ट उघडून बघायचं, मॅगझिन काढायचं. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली चिंधी हलक्या हाताने फिरवली की जुना मळ सुटतो. पॉलिश पेपर मात्र अजिबात नको, दस्त्यावरचे तपासनिसांचे शिक्के, युनिटची पितळी चकती बसायची खाच हाच त्या रायफलचा इतिहास आहे आणि एकदा घासून गेला की गेला. नुसता दाबलेला पोचा असेल तर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवायची, वाफेने लाकडाचे तंतू फुगून वर येतात. तंतू तुटलेच असतील तर मात्र उपयोग नाही.

दस्ता सुटा करायचा असेल तर पुढचं लाकूड आधी काढायचं, मगच मागचा दस्ता धरून ठेवणारा आतला लांब बोल्ट (गोळी भरायचा बोल्ट नव्हे) फिरवायचा, कारण मार्क ३ सारख्या रायफलींत त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं, तसाच फिरवला तर लाकूड फाटतं. हे अनेकांना माहीत नसतं आणि चांगले दस्ते असेच वाया जातात. बटप्लेट, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकावरची पट्टी, पितळी, तिच्यातल्या झाकणाखाली तेलाची बाटली आणि पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) ठेवायची जागा, तिथे साचलेली घाणही काढावी.

जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निघते आणि ढिगात ती बाहेर पडत नाही, त्यामुळे चिंध्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवाव्यात नाहीतर पाण्यात बुडवून ठेवाव्यात.