सातबाऱ्यावर वारस नोंद: अर्ज नेमका कुठे अडतो

खातेदार वारल्यावर वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 149 सांगते. ही मुदत उलटली की हक्क बुडाला, असा समज गावोगाव आहे. तसे काही नाही. वीस वर्षांनीही वारस नोंद होते, फक्त कागद जमवताना दमछाक होते. तेव्हा ‘मुदत गेली, आता कोर्टात जा’ असे कोणी तोंडी सांगितले तर लेखी मागा. वारसांत वाद नसेल तर कोर्टाच्या दाखल्याची गरज नसते.

अर्ज तलाठी कार्यालयात किंवा महसूल विभागाच्या ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर करता येतो. सोबत मृत्यू दाखला, सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातील सगळ्या जमिनीचा उतारा), ओळखपत्रे आणि सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व मयताशी नाते लिहिलेले प्रतिज्ञापत्र जोडायचे.

सगळ्यात जास्त अर्ज या यादीवरच लटकतात. लग्न झालेल्या बहिणी गाळल्या जातात, आणि मयताची आई हयात असेल तर तिचा विचारच कोणी करत नाही. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि मुलेही त्यात आली. बहिणीला हिस्सा नको असेल तरी आधी तिचे नाव लावा, मग दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदवा. स्टॅम्प पेपरवर सही घेतली म्हणून हक्क सुटत नाही.

दुसरी अडचण जुन्या मृत्यूची. सातबारा आजोबांच्या नावे आणि वडीलही गेलेले, तर दोघांचेही दाखले लागतात. आजोबांच्या मृत्यूची नोंदच नसेल तर आधी ग्रामपंचायतीकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या. वर्ष उलटून गेलेल्या मृत्यूच्या नोंदीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. 2023 च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हा, उपविभागीय किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आहे, तरी लोकांना अजून न्यायालयाकडे पिटाळले जाते. दाखल्यावर ‘गणपतराव’ आणि उताऱ्यावर ‘गणपत रामा’ असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी जोडा. त्रुटी निघण्याची वाट पाहू नका.

नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर जपून. तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एकटा मालक नव्हे. त्याच्याच मुलांची नावे चढली की भावांच्या शाखा बाहेर राहतात. ज्या फेरफाराने (हक्कातल्या बदलाच्या नोंदीने) ते नाव लागले त्याची नक्कल काढून सोबत द्या. सोसायटीच्या कर्जाचा बोजा मात्र वारस नोंदीच्या आड येत नाही. तो उताऱ्यावर तसाच राहतो.

चौकशीनंतर फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नोंद रद्द झाली तर आदेशाची नक्कल लगेच मागा: प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपिलाला 60 दिवस असतात, आणि ही मुदत चुकली तर उशिराचे सबळ कारण पटवून द्यावे लागते.