डोअर क्लोजर : जुळणी आणि दुरुस्ती

उघडलेले दार माणूस आत-बाहेर गेल्यावर आपोआप, पण न आपटता बंद करणारी यंत्रणा. दवाखाना, बँक, एटीएमची खोली, वातानुकूलित कचेरी, इमारतीचा जिना अशा ठिकाणी पल्ल्याच्या वरच्या कडेला वीतभर लांबीची धातूची पेटी आणि तिच्यातून निघून कोपरात दुमडणारा लोखंडी हात दिसतो, तो डोअर क्लोजर. मराठीत त्याला वेगळे नाव रुळलेले नाही. सुतार, हार्डवेअरचा दुकानदार, सोसायटीचा वॉचमन सगळेच नुसते ‘क्लोजर’ म्हणतात.

दार लोटलेले असणे आणि दार लागलेले असणे यांत मराठी माणूस नेमका फरक करतो. लोटलेले दार वाऱ्याच्या झुळकीनेही उघडते. लागलेल्या दाराचा खटका चौकटीतल्या पट्टीत बसलेला असतो. क्लोजरकडून अपेक्षा असते ती दार लागण्याची, आणि त्याच्याबद्दलच्या बहुतेक तक्रारी शेवटच्या दोन बोटांच्या अंतरातल्या असतात : एक तर दार तिथे येऊन थबकते, नाहीतर तिथेच धाडकन आपटते.

रचना : पेटीच्या आत एक जाड स्प्रिंग, एक दट्ट्या आणि तेल एवढाच ऐवज असतो. दार उघडले की बाहेरचा हात पेटीतला दातेरी आस फिरवतो, आस दट्ट्याला ढकलतो आणि दट्ट्या स्प्रिंग दाबतो. म्हणजे दार बंद करण्याची ताकद उघडणाऱ्याकडूनच आगाऊ वसूल केलेली असते. उघडताना तेल दट्ट्यातल्या एकमार्गी झडपेतून सहज पलीकडे जाते. बंद होताना ती झडप मिटते आणि तेलाला पेटीच्या भिंतीतल्या बारीक वाटांनी परतावे लागते. त्या वाटांवर बसवलेले स्क्रू तेलाची धार कमी-जास्त करतात. वेग बदलायचा म्हणजे एवढेच करायचे असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव शतकात अमेरिकेतल्या बोस्टन शहरात लुईस सी. नॉर्टन याने हवेच्या दाबावर चालणारा क्लोजर तयार केला. तेथील ट्रिनिटी चर्चच्या दारांशी त्याचे नाव जोडले जाते. हवा दाबली की आकसते, त्यामुळे तिच्यावर वेगाचा ताबा नीट राहत नाही. तेल जवळपास आकसत नाही, म्हणून पुढे तेलाचेच क्लोजर टिकले. स्प्रिंगच्या बिजागऱ्या त्याहून साध्या. जाळीच्या दाराला किंवा जुन्या हॉटेलातल्या ‘फॅमिली रूम’च्या झुलत्या अर्ध्या दारांना त्या अजून दिसतात, त्यांना वेग आवरणारे काही नसल्याने दार आपटते नाहीतर चार-पाच हेलकावे खाऊन थांबते.

निवड : युरोपीय मानक ईएन ११५४ मध्ये क्लोजरची ताकद १ ते ७ अशा क्रमांकांत मोजतात. क्रमांक २ हा ८५० मिमी रुंद व ४० किलो वजनाच्या पल्ल्यापर्यंत, क्रमांक ३ हा ९५० मिमी व ६० किलोपर्यंत, क्रमांक ४ हा ११०० मिमी व ८० किलोपर्यंत चालतो. भारतात तेलाच्या क्लोजरसाठी आय.एस. ३५६४ आणि जमिनीत बसणाऱ्या फ्लोअर स्प्रिंगसाठी आय.एस. ६३१५ ही मानके आहेत. दुकानात मात्र निवड बहुधा ‘साधा की हेवी?’ एवढ्या एका प्रश्नावर होते. ‘हेवी’ घेतला की काम पक्के, हा समज महागात पडतो. जास्त ताकदीचा क्लोजर दार जास्त जोराने लावतो हे खरे, पण ते उघडायलाही तेवढाच जोर लागतो. दवाखान्यात गुडघे दुखणाऱ्या आजीबाई दोन्ही हातांनी दार ढकलत असतील, तर दोष त्यांच्या वयाचा नसतो.

बसवण्याच्या पद्धतीनेही ताकद बदलते. दार ज्या बाजूला ओढून उघडते त्या बाजूला पेटी आणि चौकटीपासून काटकोनात बाहेर आलेला हात, ही मूळ मांडणी. दार लागलेले असताना हाताचा पुढचा, लांबी बदलता येणारा भाग चौकटीशी काटकोनात असला पाहिजे; तो तिरका असेल तर स्क्रू कितीही फिरवा, शेवटचा भाग नीट साधत नाही. ढकलण्याच्या बाजूला हात चौकटीला समांतर बसवतात. ते दिसायला नीटनेटके, पण त्यात सुमारे एक चतुर्थांश ताकद वाया जाते.

जुळणीआधी दाराची परीक्षा : ‘क्लोजर खराब झालाय’ या तक्रारीत निम्म्याहून जास्त वेळा क्लोजर निर्दोष निघतो, असे हे काम रोज करणारा कोणताही मिस्त्री सांगेल. म्हणून पेचकस हाती घेण्याआधी हाताचे दोन भाग जोडणारा स्क्रू काढून क्लोजर दारापासून सोडवावा. दार लागलेले असतानाही स्प्रिंगमध्ये थोडा ताण असतो आणि सुटा हात झटक्याने फिरून बोटांवर बसू शकतो, तेव्हा तो धरूनच स्क्रू सोडावा. मग दार एका बोटाने लोटून पाहावे. ते आपोआप एका बाजूला जात असेल तर चौकट ओळंब्यात नाही. वरचा कोपरा घासत असेल तर वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले आहेत. शेवटी खटका पट्टीच्या भोकासमोर येत नसेल तर पट्टी कानशीने थोडी रुंद करणे किंवा दोन मिलिमीटर सरकवणे, हाच इलाज. खटक्याला तेलाचा एक थेंब दिला आणि तक्रार मिटली, असेही पुष्कळदा घडते.

पावसाळ्यात ही परीक्षा अधिकच महत्त्वाची. जूनअखेर लाकडी आणि फ्लश दारे दमट हवेने फुगतात, चौकटीत अडकू लागतात, आणि मे महिन्यापर्यंत सुरळीत चाललेला क्लोजर अचानक ‘कमजोर’ वाटू लागतो. अशा वेळी कोणीतरी स्प्रिंग आवळतो. ऑक्टोबरमध्ये दार पुन्हा सुकते आणि तोच क्लोजर आता सगळ्या मजल्याला जाग येईल असा आपटतो. घासणारी कड रंध्याने मारून तिला रंग वा पॉलिश लावून घेणे जास्त शहाणपणाचे. कापलेली कड कोरीच ठेवली तर पुढच्या पावसात ती पुन्हा पाणी पिते.

हवेचाही एक त्रास असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. एटीएमसारख्या छोट्या, सगळीकडून बंद खोलीत दार मिटताना आतली हवा दाबली जाते आणि शेवटचे दोन इंच ती दाराला मागे रेटते. हॉटेलच्या स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा हवा बाहेर खेचतो, तेव्हा बाहेरची हवा दाराला कधी आत ओढते, तर कधी लागू देत नाही. पंखा बंद करून किंवा खिडकी उघडून दार लागते का ते पाहिले की खुलासा होतो.

जुळणी : पेटीच्या कडेला किंवा झाकणाखाली दोन किंवा तीन छोटे स्क्रू असतात, काहींवर १, २ असे अंक. पहिला दार साधारण काटकोनापासून शेवटच्या पंधरा अंशांपर्यंत येण्याचा वेग ठरवतो, दुसरा शेवटच्या पंधरा अंशांतला, म्हणजे खटका बसण्याचा. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की वाट अरुंद होते आणि दार हळू येते. उलट फिरवला की जलद. हात लावण्याआधी खाचेची दिशा पेन्सिलीने खुणावावी किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. नंतर ‘मूळ कुठे होतं?’ हा प्रश्न हमखास पडतो.

क्रम असा : आधी स्प्रिंगची ताकद, मग पहिला वेग, मग शेवटचा. ताकदीचा नट बहुधा पेटीच्या टोकाला असतो. ताकद बदलली की दोन्ही वेग बदलतात, म्हणून वेग आधी जुळवणे म्हणजे दोनदा काम. वेगाचा स्क्रू एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त फिरवू नये. कित्येकदा आट्याचा आठवा हिस्साही पुरतो. दर वेळी दार पूर्ण उघडून सोडावे आणि मनात आकडे मोजावेत. दार फार हळू येते म्हणून अधीर होऊन स्क्रू उलट फिरवत राहणे, ही नवशिक्याची ठरलेली चूक. स्क्रू पेटीच्या पृष्ठभागाबाहेर डोकावू लागला की त्यामागून तेल येते, आणि मग जुळणीचा प्रश्नच उरत नाही.

वेग किती असावा? अमेरिकेतल्या अपंगांच्या सोयीविषयीच्या नियमानुसार दार ९० अंशांपासून १२ अंशांपर्यंत यायला किमान ५ सेकंद लागले पाहिजेत. काठी, कुबडी किंवा चाकाची खुर्ची घेऊन जाणाऱ्याला तेवढा अवधी हवाच. इतरत्रही हा आकडा धरून चालायला हरकत नाही. शेवटच्या पंधरा अंशांत मात्र दार थोडे जोमाने यावे, नाहीतर खटका दबत नाही. जुळणी झाल्यावर तीन चाचण्या कराव्यात : पूर्ण उघडून, अर्धे उघडून आणि फक्त चार बोटे उघडून सोडणे. तिसऱ्या चाचणीत दाराला वेग घ्यायला जागाच मिळत नाही, म्हणून तीच खरी.

तिसरा स्क्रू असल्यास तो उघडण्याच्या बाजूचा असतो. वाऱ्याने किंवा कोणाच्या लाथेने दार भिंतीवर आदळू नये म्हणून साधारण ७० अंशांनंतर तो विरोध निर्माण करतो. तो स्टॉपरची जागा घेत नाही. भिंतीला रबरी स्टॉपर न लावता हा स्क्रूच करकचून आवळला, तर सगळा मार हातावर आणि पेटीच्या स्क्रूंवर पडतो.

बिघाड : दार अचानक सुसाट येऊन आपटू लागले आणि स्क्रू फिरवूनही फरक पडत नसेल, तर पेटीखाली बोट फिरवून पाहावे. बोटाला चिकट तेल लागले तर आतले सील गेले. दारावर किंवा फरशीवर तपकिरी ओघळ दिसतो तो त्याचाच. काही कारागीर पेटी उघडून सील बदलतात आणि नवे तेल भरतात, पण असा क्लोजर सहसा फार दिवस टिकत नाही. आत दाबलेली स्प्रिंग असल्याने पेटीचे टोकाचे झाकण घरी उघडणे धोक्याचे आहे. सरळ नवा घ्यावा आणि जुन्याच भोकांवर बसेल असे मॉडेल शोधावे, म्हणजे दाराची चाळण होत नाही.

सील जाण्याचे मोठे कारण माणसेच. क्लोजर सावकाश दार लावत असताना मागून ते ढकलून ‘लवकर’ लावले, की तेलावर नको तेवढा दाब येतो. ‘दार आपोआप बंद होते, ढकलू नये’ ही पाटी त्यासाठीच लावलेली असते. पाटी वाचून दार ढकलणारेही पुष्कळ.

तेल गरम झाले की पातळ होते. पश्चिमेकडच्या काचेच्या दाराचा क्लोजर नागपुरात मे महिन्याच्या दुपारी जलद आणि जानेवारीच्या सकाळी सुस्त वागतो. तापमानाचा परिणाम कमी होईल असे तेल चांगल्या क्लोजरमध्ये असते. स्वस्तातल्यांना ऋतूगणिक पाव आटा द्यावा लागतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा आधी हाताचे सांधे आणि स्क्रू खाते. कुरकुर ऐकू येते ती तिथून, पेटीतून नव्हे.

पेटीच हलत असेल तर स्क्रूंनी लाकडातली पकड सोडलेली असते. भोकात फेव्हिकॉल लावलेल्या काड्या ठोकून पुन्हा स्क्रू मारणे, हा सुतारांचा जुना उपाय कडीकोयंड्याला ठीक, पण रोज शंभरदा ओढल्या जाणाऱ्या क्लोजरला आरपार बोल्टच हवेत. ॲल्युमिनियम सेक्शनच्या पातळ दारात मागून पट्टी द्यावी लागते.

फ्लोअर स्प्रिंग : दुकानांच्या बिनचौकटीच्या काचेच्या दाराला वर पेटी लावायला जागा नसते. १२ मिमी जाडीची, १ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच काच सुमारे ६३ किलो भरते. तिचा भार पेलणारी यंत्रणा फरशीखाली डब्यात बसवतात. तिचा शत्रू म्हणजे रोजची लादी पुसणे. बादलीभर पाणी ओतून पायरी धुतली की ते झाकणाच्या फटीतून डब्यात उतरते, तिथेच साचते आणि वर्ष-दोन वर्षांत डबा गंजतो. दार मध्यभागी न थांबता एका बाजूला तिरके राहू लागले, तर आधी झाकण काढून डब्यात पाणी आहे का ते पाहावे. पाणी नसेल तर डब्याचे बाजूचे स्क्रू फिरवून दार रेषेत आणता येते.

आगीची दारे : उंच इमारतींच्या जिन्यांवरची अग्निरोधक दारे आपोआप बंद होणारी असावी लागतात, कारण आग लागल्यावर धूर जिन्यात शिरला तर सुटकेची वाटच बंद होते. मुंबई-ठाण्याच्या कित्येक इमारतींत हीच दारे वीट, कुंडी किंवा दुधाचा क्रेट लावून उघडी ठेवलेली दिसतात. रहिवाशांना विचारले तर दार जड आहे, आपटते, सायकल नेताना अडते, अशी उत्तरे मिळतात. यातली पहिली दोन गाऱ्हाणी दहा मिनिटांच्या जुळणीने सुटण्यासारखी असतात. दार उघडे ठेवणे खरोखरच गरजेचे असेल तर विद्युतचुंबकाचा धारक लावतात. आगीची घंटा वाजताच चुंबक सुटतो आणि क्लोजर दार लावतो. अडकवून ठेवणारा साधा हात अशा दारांना चालत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र (नमुना ब) दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. तपासणीच्या दिवशी कुंड्या हलतात. दुसऱ्या दिवशी दार पुन्हा आपटते आणि कुंडी जागेवर येते.