वीज खाणारा जीवाणू आणि त्याचे खरे अन्न

‘वीज खाऊन कार्बन डायऑक्साइडचे इंधन करणारा जीवाणू’ अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून झळकतात, पण त्यांत निम्मेच तथ्य असते. ऱ्होडोस्यूडोमोनास पालुस्ट्रिस या जांभळ्या जीवाणूला विजेकडून मिळतात ते इलेक्ट्रॉन. ऊर्जा मात्र तो प्रकाशाकडूनच घेतो.

हिरव्या वनस्पती पाण्याचे विघटन करून इलेक्ट्रॉन मिळवतात आणि ऑक्सिजन हा त्या खटाटोपातला टाकाऊ पदार्थ असतो. जांभळ्या जीवाणूंना पाण्याचे विघटन जमत नाही, त्यामुळे प्रकाशसंश्लेषण म्हटले की ऑक्सिजन आलाच, हा आपला शालेय समज त्यांच्यापाशी खोटा ठरतो. पालुस्ट्रिसचा टीआयई-1 हा वाण पाण्यात विरघळलेल्या लोहाकडून इलेक्ट्रॉन घेऊ शकतो, आणि लोहाऐवजी विद्युताग्र (वीज आणून देणारा इलेक्ट्रोड) पुढे केले तरी त्याचे चालते, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्पिता बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवून दिले.

खरी गंमत पुढेच आहे. विद्युताग्राचे विभव (विद्युत पातळी) साधारण +100 मिलिव्होल्ट असते, तर कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा घडवायला लागणाऱ्या एनएडीएच या इलेक्ट्रॉनवाहक रेणूचे −320. इलेक्ट्रॉन आपोआप जातो तो अधिक धन विभवाकडे, म्हणजे इथे त्याला चढ चढायचा असतो. पेशीच्या बाह्यपटलातील प्रथिनांमार्फत आत आलेला इलेक्ट्रॉन अभिक्रिया केंद्रातील, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनसमूहातील, रिकामी जागा भरतो. ही जागा प्रकाशाच्या धक्क्याने तिथला आधीचा इलेक्ट्रॉन उडाल्यामुळे झालेली असते. उडालेला इलेक्ट्रॉन पटलातल्या क्विनोन या इलेक्ट्रॉनवाहू रेणूंकडे जातो. त्यांपैकी बरेच इलेक्ट्रॉन वळसा घालून पुन्हा केंद्रात परततात आणि त्या फेरीत आतल्या पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठत जातात. धरणातले थोडे पाणी खाली सोडून त्याच्याच जोरावर बाकीचे पाणी टेकडीवर चढवावे, तसा हा साठा उतरताना क्विनोनवरचे काही इलेक्ट्रॉन उलट दिशेने एनएडीपर्यंत ढकलले जाऊन त्याचे एनएडीएच होते, आणि त्याच साठ्यावर एटीपी हे पेशीचे ऊर्जाचलनही तयार होते. त्यापुढे कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या विकरापासून (एन्झाइमपासून) कॅल्व्हिन चक्राचे, म्हणजे शर्करा घडवणाऱ्या अभिक्रियामालिकेचे, काम सुरू होते. दिवा मालवला की ही चढण बंद पडते, मग वीज कितीही द्या.

अशा रीतीने स्थिरावलेल्या कार्बनपासून पीएचबी हे जैवविघटनशील प्लास्टिक, आणि बाहेरची जनुके घातल्यास ब्युटेनॉल हे इंधन मिळवता आले आहे. ब्युटेनॉल जाळल्यावर तोच कार्बन पुन्हा हवेत जातो, हे बातमीत सहसा नसते. आणि वीज कोळशाची असेल तर हिशेब आणखीच फसतो.

आता आवाक्याचा अंदाज घेऊ. दर रेणूला 4 इलेक्ट्रॉन धरले, तर 1 किलो कार्बन डायऑक्साइड शर्करेच्या पातळीवर आणण्यास 1 अँपिअरचा प्रवाह सुमारे 100 दिवस लागतो. हे जीवाणू मात्र चौरस सेंटिमीटरमागे मायक्रोअँपिअरच्या घरातच प्रवाह ओढतात. तो 1 मायक्रोअँपिअर मानला, तर त्या एका किलोसाठी 100 चौरस मीटरचे विद्युताग्र, तेही पूर्ण 100 दिवस उजेडात ठेवावे लागेल.